क्रिएटिनिनच्या आधी

(दृश्य : लॅबचं काउंटर, सकाळ. डब्यांवर लेबलं चिकटवली जात आहेत.)

तालुक्याच्या गावातल्या या लॅबमध्ये सकाळची गर्दी असते ती उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची. बहुतेकांच्या चिठ्ठीवर त्याच त्या तपासण्या : उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, तीन महिन्यांची शुगर, आणि डॉक्टरांनी लिहिलंच तर क्रिएटिनिन. काउंटरवरच्या ताईंसमोर रक्ताच्या नळ्यांचे स्टँड भरत चाललेत. लघवीच्या डब्या मात्र कोपऱ्यातल्या एका ट्रेमध्ये मावतात. हा माहितीपट त्या ट्रेबद्दल आहे.

आधी क्रिएटिनिन बघू.

(दृश्य : नळीतला पिवळा द्राव नारिंगी होतो. अगदी जवळून.)

पिवळ्याधमक द्रावात सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, पडलं आणि रंग हळूहळू नारिंगीकडे झुकला. पिक्रिक आम्लाची ही अभिक्रिया माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये नोंदवली, आणि आजही असंख्य लॅबचं क्रिएटिनिन तिच्यावरच चालतं. रंग जितका गडद, तितका आकडा मोठा. स्नायूंमधून रोज थोडं थोडं क्रिएटिनिन तयार होतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, आणि त्यांचं काम मंदावलं की ते रक्तात साठू लागतं. तपासणी स्वस्त आहे, उपयोगाची आहे. पण ती उशिरा बोलते. मूत्रपिंडांची ताकद निम्म्यावर आली तरी आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात राहू शकतो. अंगावर मांस कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हा धोका जास्तच. त्यामुळे ‘क्रिएटिनिन बरोबर आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊन घरी जाणारा मधुमेही बघितला की काळजी वाटते.

आता ती डबी.

(दृश्य : डबीतली लघवी नळीत ओतली जाते. मशीनची सुई खाली येते.)

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. गाळणाऱ्या या केशवाहिन्यांच्या गुच्छांमधून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन सहसा सुटत नाही. वर्षानुवर्षं वाढलेली शुगर आणि वाढलेला रक्तदाब यांनी त्या भिंती कमकुवत झाल्या की ते किंचित झिरपू लागतं. इतकं किंचित की लघवीला फेस येत नाही, पाय सुजत नाहीत, आणि लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीलाही ते बरेचदा कळत नाही.

या मशीनला कळतं. नळीत अल्ब्युमिनला नेमकं धरणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सोडली जातात. दोघांची जोडी जमली की द्राव गढूळ होतो, आणि त्यातून पलीकडे किती प्रकाश पोचला यावरून अल्ब्युमिन मोजलं जातं. कुणी पाणी जास्त प्यालेलं असतं, कुणी कमी, म्हणून त्याच नमुन्यातल्या क्रिएटिनिनने त्याला भागतात. रिपोर्टवर येतो तो एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे ती बरीच पुढे गेली आहे. लॅबवाले या तपासणीला अजून ‘मायक्रोअल्ब्युमिन’च म्हणतात. चिठ्ठीवर दोन्हींपैकी कोणतंही नाव चालतं.

(दृश्य : जुन्या ग्रंथातली रंगीत चित्रं. सुकलेली, खडबडीत मूत्रपिंडं.)

ही चित्रं १८२७ सालच्या ग्रंथातली आहेत. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रुग्णांची चमचाभर लघवी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. तापल्यावर ती गोठली, पांढरी झाली, तर तिच्यात प्रथिन आहे. रुग्ण दगावला की शवविच्छेदनात मूत्रपिंडं काढून बघायची आणि चित्रकाराकडून रंगवून घ्यायची. रंग बघा, किती बारकाईने भरलेत. लघवीतलं प्रथिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांची गाठ ब्राइट यांनी अशी घालून दिली. पण चमच्यात दिसण्याइतकं प्रथिन येईपर्यंत रुग्णाच्या हातात फारसं काही उरलेलं नसे.

चमच्याला न दिसणारं मोजायला आणखी सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. त्याच गाय्ज हॉस्पिटलमध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये किरणोत्सर्गी खुणेची पद्धत वापरून अगदी सूक्ष्म अल्ब्युमिन मोजून दाखवलं. मग, १९६६-६७ मध्ये, इन्शुलिनवर असलेल्या मधुमेहींची लघवी या पद्धतीने तपासून आकडे लिहून ठेवले गेले. चौदा वर्षांनी जियानकार्लो व्हिबर्टी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ६३ जणांचं पुढे काय झालं ते शोधलं. ज्यांची गळती सुरुवातीला कमी होती अशा ५५ जणांपैकी फक्त दोघांना मूत्रपिंडाचा उघड विकार झाला होता. ज्यांची जास्त होती असे आठच होते. त्या आठांपैकी सात जणांना झाला होता. माणसं थोडी, पण फरक इतका ठसठशीत की १९८२ मध्ये हे निष्कर्ष छापून आल्यावर मधुमेहाच्या डॉक्टरांना लघवीकडे नव्याने बघावं लागलं.

दोनच वर्षांनी डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सन यांनी उतारवयात मधुमेह झालेल्यांचा नऊ वर्षांचा हिशेब मांडला. किंचित गळती असलेल्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार जास्त निघाला, हे अपेक्षितच होतं. त्यांच्यातले मृत्यूही जास्त निघाले.

(दृश्य : इकोच्या पडद्यावर धडधडणारं हृदय.)

हृदयाशी याचा संबंध काय? रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सगळीकडे एकच आहे. ते मूत्रपिंडात झिरपू लागलं, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही धड नसण्याची शक्यता मोठी. २०१० मध्ये जगभरातल्या दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग आणि ही गळती, दोन्ही स्वतंत्रपणे मृत्यूचा धोका सांगतात हे पक्कं झालं. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय या तिघांचा बिघाड एकाच नावाखाली आणला. त्यांच्या ‘प्रिव्हेंट’ या नव्या गणितात गाळण्याचा वेग धरलेला आहे आणि एसीआर उपलब्ध असेल तर तोही घालता येतो. पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअरचा धोका किती, याचा अंदाज त्यातून येतो.

हे गणित अमेरिकेतल्या माणसांवर बसवलेलं आहे, हे मात्र विसरून चालणार नाही.

(दृश्य : शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचं छायाचित्र.)

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. २००४ मध्ये हा फोटो प्रसिद्ध झाला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडचा सडसडीत माणूस काट्यावर निर्धोक दिसतो आणि आतून नसतो. अशा माणसाला वजनावरून दिलासा देण्यापेक्षा त्याची लघवी तपासणं जास्त प्रामाणिक आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात मधुमेही आहेत १० कोटी १० लाख.

गळती वेळेत कळली तर करण्यासारखं आज खूप आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या ती कमी करतात. त्यातल्या लोसार्टनचा मूत्रपिंडाला होणारा फायदा २००१ मध्येच सिद्ध झाला. डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनी मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सांभाळली जातात, आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिनच्या स्वस्त देशी गोळ्या मिळू लागल्या. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. वेळ निघून गेली, तर डायलिसिस : आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास.

(दृश्य : काउंटर. एक काका चिठ्ठी पुढे करतात, ताई त्यांच्या हातात डबी देतात.)

शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. ताप असेल, लघवीत जळजळ असेल, पाळी सुरू असेल किंवा आदल्या दिवशी अंगमेहनतीचं काम झालं असेल, तर थोडे दिवस थांबा. आकडा उगाच वाढून येतो. एकदा जास्त आला म्हणून हबकू नका. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने तपासून त्यातले दोन जास्त आले तरच गळती खरी धरतात. टाइप २ मधुमेहात निदान झालं त्याच वर्षी ही तपासणी करायची, टाइप १ मध्ये पाच वर्षांनी, आणि पुढे दर वर्षी. चिठ्ठीवर ती लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना विचारा, “माझा एसीआर कधी केला होता?”