कुंडीतली अंडी कोणी नेली?

मुलुंडमधली एक सोसायटी, तिसरा मजला. ग्रिलमध्ये टांगलेल्या मनीप्लांटच्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाचं घरटं. काड्या, बारीक मुळ्या, कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि मध्येच विणलेली प्लास्टिकची पट्टी. काल संध्याकाळी आत तीन अंडी होती, गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची. आज एकही नाही.

घरटं मात्र जागच्या जागी आहे. मांजर असतं तर पंजा घालून त्यानं ते ओरबाडलं असतं. उंदीर रात्री पाइपावरून चढतो, पण तो बहुधा कुरतडलेली कवचं टाकून जातो. धामण अंडी अख्खीच गिळते आणि झाडावर सहज चढते. फक्त या ग्रिलपर्यंत एकही फांदी पोचत नाही.

राहता राहिला तो, समोरच्या केबलवर मान तिरकी करून बसलेला.

कावळ्याला घरटं शोधत हिंडावं लागत नाही. बुलबुलाची जोडी कुठे सारखी ये-जा करते, एवढंच तो पाहतो. मादी चार किडे टिपायला उठली की एक झेप, अंडं चोचीत, आणि कावळेबुवा पसार. जोडी आरडाओरडा करते, अंगावर धावून जाते. फार उपयोग होत नाही. अंडी उबवायला सुमारे 14 दिवस, पिल्लं घरट्याबाहेर पडायला आणखी साधारण 12. एवढे दिवस नजर चुकवायची, आणि तीही मुंबईत! इथे उघड्या कचराकुंड्या आणि खिडकीतून टाकलेली शिळी पोळी यांवर कावळ्यांची फौज पोसली जाते. दहाव्याला पिंडाला शिवावा म्हणून याच कावळ्याच्या आपण विनवण्या करतो.

एकट्या कावळ्याला कशाला बोल लावा? भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. झाडीतून दबकत चालणारा हा लाल डोळ्यांचा पक्षी अंडीही खातो आणि पिल्लंही. टकाचोर पक्ष्याला तर नावच तसं मिळालंय.

आणि कावळ्याच्या घरट्यात? तिथे चोरावर मोर. कोकिळा त्यात आपलं अंडं घालून मोकळी होते. तिचं पिल्लू बहुतेकदा कावळ्याच्या पिल्लांआधी बाहेर येतं आणि आयत्या घासावर वाढतं.

ग्रिलमध्ये घरटं असेल तर तिथे खरकटं, दाणे ठेवू नका. मोबाइल घेऊन दर तासाला डोकावू नका; तुमच्या धाकानं मादी उठली की अंडी उघडी पडतात. मांजर पाळलं असेल तर ते घरातच राहू द्या. आणि साप दिसला तर काठी नको, सर्पमित्राला फोन करा.

बुलबुलाची जोडी सहसा हातपाय गाळून बसत नाही. विणीचा हंगाम संपलेला नसेल तर काही दिवसांत दुसरं घरटं सुरू होतं, पुष्कळदा जवळपासच. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्यांनी टांगत्या कुंड्यांची साफसफाई जरा लांबणीवर टाकावी.