आवाज मोठा, मूठ एकच

(दृश्य : काळं कापड. त्यावर मरून रंगाचं खेळण्यातलं लढाऊ विमान. कॅमेरा नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश सरकतो. संगीत नाही.)

हे विमान आवाज करत नाही. आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची दहा मिनिटं आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत, त्याची सगळी ओळखच आवाजावर उभी आहे. ह्याच्यात मोटर नाही, सेल नाही, स्पीकर नाही. प्लास्टिक, थोडा धातू, काही स्क्रू आणि स्टिकर. बस.

नाव थ्रस्ट. विमानाला पुढे ढकलणारा जो रेटा असतो, तो. पक्ष डिसेप्टिकॉन, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स ह्या, वाहनाचा यंत्रमानव होणाऱ्या खेळण्यांमधल्या खलनायकांचा. साल १९८५. हुद्दा म्हणाल तर गर्दीतला एक. मेगाट्रॉन पुढाऱ्यासारखा मध्ये उभा असतो, स्टारस्क्रीम त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून शेजारी, आणि मागे कुठेतरी हा.

(दृश्य : दोन बोटं कॉकपिटची काच नखाने उचलतात. आत रिकामी बैठक.)

इथे थांबा. आत बघा.

बैठक आहे. बोटाच्या पेरावर मावेल एवढी. आता यंत्रमानवाच्या छातीत बैठक कशाला? गोष्टीत तर हे स्वतःच जिवंत, स्वतःच विमान. वैमानिक लागतच नाही. तरी कुणीतरी ही जागा कोरलीय, काच उघडेल अशी बिजागरी बसवलीय.

कारण हे विमान थ्रस्टसाठी बनलेलंच नव्हतं.

जपानच्या ताकारा कंपनीची डायाक्लोन नावाची खेळण्यांची मालिका होती, १९८० पासूनची. त्या जगात यंत्रमानव हे निव्वळ यंत्र. चालवणार माणूस. ही माणसंही खेळण्यासोबत मिळत, इवलीशी, पायांत लोहचुंबक बसवलेली, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उभी केली की पडू नयेत. एफ-१५ ईगल ह्या अमेरिकी लढाऊ विमानाचा यंत्रमानव होतो, असं एक खेळणं त्यातलंच. कॉकपिट उघडायचं, माणूस बसवायचा, काच लावायची.

१९८३ मध्ये टोकियोच्या खेळणी प्रदर्शनात हॅस्ब्रो ह्या अमेरिकी कंपनीच्या माणसांनी हा माल पाहिला. डायाक्लोनमधली वाहनं घेतली, ताकाराच्याच दुसऱ्या एका मालिकेतलं पिस्तूल आणि कॅसेट प्लेअर घेतला, सगळ्यांना एका नावाखाली आणलं आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या दुकानांत ट्रान्सफॉर्मर्स उभे राहिले. गोष्ट बदलली. यंत्रांना जीव आला, वैमानिक गेले. पोलादी साचे मात्र तेच राहिले, त्यामुळे बैठकही राहिली. मला विचाराल तर ह्या सबंध खेळण्यातली सगळ्यात बोलकी जागा हीच. आपल्या शौर्याच्या फुशारक्या मारणाऱ्या गड्याच्या छातीत दुसऱ्याच कुणाची तरी राखीव जागा.

(दृश्य : शेजारी दुसरं विमान ठेवलं जातं, करड्या-लाल रंगाचं. दोन्ही वरून, एकाच चौकटीत.)

डावीकडचा स्टारस्क्रीम, १९८४ चा. उजवीकडे आपला थ्रस्ट, वर्षभराने धाकटा. धड बघा. कॉकपिट बघा. हाताचा सांधा, पायाचा जोड बघा. एकच आहे.

असं का होतं, ते थोडं समजून घेऊ. प्लास्टिकचं खेळणं बनतं ते पोलादाच्या साच्यात. वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत सोडायचं, थंड झालं की साचा उघडायचा. खरा खर्च त्या साच्याचा. तो एकदा कोरून झाला की त्यातून जितके नग निघतील तितकं बरं. म्हणून पहिल्या वर्षी एकाच साच्यातून तिघे निघाले: स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प. फरक रंगाचा. दुसऱ्या वर्षी आणखी तिघे हवे होते. पुन्हा नुसता रंग बदलला असता तर पोरांनी ओळखलं असतं. मग धड तसंच ठेवून पंख आणि शेपटी नवी केली. त्यातून आले रॅमजेट, डर्ज आणि थ्रस्ट.

ह्याला कुणी काटकसर म्हणतं, कुणी आळस. मी तसं म्हणणार नाही. का, ते आता पंखांवर येऊ तेव्हा कळेल.

(दृश्य : फक्त डावा पंख. प्रकाश तिरका. गोल पंख्याच्या कडा उठून दिसतात.)

हा त्याचा पंख. रॅमजेटला असा नाही, डर्जलाही नाही. मधोमध हे मोठं वर्तुळ दिसतंय? ही टर्बाइन. विमान जागच्या जागी सरळ वर उचलायला जसे पंखे लागतील, तसे दोन पंखे, दोन पंखांत. खऱ्या एफ-१५ ला असलं काही नाही. त्याला धावपट्टी लागते, बाकीच्यांसारखी. म्हणजे ताकारा-हॅस्ब्रोच्या कुणा रचनाकाराने खऱ्या विमानाला आणखी दोन इंजिनं चिकटवली, कागदावर.

हे वर्तुळ लक्षात ठेवा.

(दृश्य : हात विमानाचा यंत्रमानव करतात. एकसलग चित्रण, कट नाही.)

आता रूपांतर. घाईने करायचं नाही, चाळीस वर्षांचं प्लास्टिक आहे. आधी चाकं काढून घ्यायची. मागचा भाग दुभंगून पाय. कडेचे हात मोकळे. मग पंजे. पंजे सुटे येतात, हे ह्या साच्याचं मोठं दुखणं. मुठी सुट्या, पंख सुटे, शेपटीची पाती सुटी, क्षेपणास्त्रं सुटी. डबा उघडल्यावर आठवडाभरात निम्मं सामान सोफ्याखाली. आपल्या ह्या नगालाही उजवी मूठ नाही. मनगटाच्या जागी नुसतं भोक आहे, तेही दाखवतोय, लपवायचं काय त्यात.

आणि आता डोकं. स्टारस्क्रीमचं करताना विमानाचं टोकदार नाक मागे दुमडतात, चेहरा मोकळा होतो. थ्रस्टचं नाक तसंच उभं ठेवायचं. झालं. चेहऱ्यावर शंकूची टोपी. हा एवढा एक बदल, आणि तोही न केलेल्या घडीचा. ह्या तिघांना चाहते कोनहेड म्हणतात ते ह्यामुळे. एक घडी कमी घातली आणि वेगळी जात तयार झाली.

(दृश्य : डब्याची मागची बाजू. कात्रीने कापायची तुटक रेघ. कॅमेरा मजकुरावर.)

इथवरचा थ्रस्ट म्हणजे मरून प्लास्टिक. स्वभाव आला तो इथून, डब्याच्या पुठ्ठ्यावरच्या ह्या चार ओळींतून.

हे लिहिणारे मार्व्हल कॉमिक्समधले संपादक-लेखक बॉब बुडियान्स्की. ट्रान्सफॉर्मर्सच्या जगाची मूळ गोष्ट जिम शूटर यांनी लिहिली होती, ऑटोबॉट म्हणजे नायकांच्या पक्षाच्या पुढाऱ्याला ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ'नील यांनी दिलं. पण पात्रांच्या नावांचा आणि स्वभावांचा पहिला खर्डा हॅस्ब्रोच्या पसंतीस उतरला नाही. १९८३ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी तोंडावर, आणि काम बुडियान्स्कींच्या पदरात पडलं. त्यांनी त्या सुट्टीतच ते उरकलं. मेगाट्रॉन हे नाव त्यांचं. पुढची काही वर्षं ह्या मालिकेतल्या बहुतेक पात्रांची कुंडली त्यांच्याच टेबलावर मांडली गेली.

काम कसं असायचं? समोर खेळणं किंवा त्याचं चित्र. हे एक वाहन आहे, हा ह्याचा रंग. आता ह्याला नाव द्या, काम द्या, ब्रीदवाक्य द्या, एक ताकद आणि एक खोड द्या. तेही पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात मावेल एवढ्यात.

थ्रस्टचं ब्रीदवाक्य साधारण असं: माझ्या इंजिनाची गर्जना हेच माझ्या शत्रूचं मृत्युगीत. पुढे मजकूर सांगतो की शत्रूला आपण येतोय हे ऐकू गेलं, त्याची पाचावर धारण बसली, की निम्मी लढाई तिथेच जिंकली, अशी ह्याची ठाम समजूत. म्हणून हा येतो तो कानठळ्या बसवत. वेग घेण्यात जबरदस्त. तोंडाने बढाईखोर. आणि शेवटची ओळ म्हणजे कोंडीत सापडला की गर्भगळीत.

"गर्जेल तो पडेल काय" हे आपल्याकडे चार शब्दांत होतं. इथे ते एका लढाऊ विमानाला लावलंय.

आता ते वर्तुळ आठवा, पंखातलं. माझा अंदाज असा, आणि हा अंदाजच आहे: लेखकासमोर सहा विमानं होती, धडाने सारखी. थ्रस्टमध्ये वेगळं काय, तर दोन जास्तीची इंजिनं. जास्तीची इंजिनं म्हणजे जास्तीचा आवाज. जास्तीचा आवाज करणारा माणूस कसा असतो, ते आपण सगळेच जाणतो. साचा वाचवण्यासाठी बदललेल्या पंखातून एक स्वभाव निघाला. म्हणून मी त्याला आळस म्हणत नाही.

(जाता जाता: डर्जच्या कुंडलीतही इंजिनाचा आवाजच आहे. त्याचा सूर ऐकून ऐकणारे भीतीने थिजतात. डर्ज म्हणजे शोकगीत. रॅमजेट तेवढा नावाला जागून नाकाने धडका मारत सुटतो. विमानं तीन, कल्पना अडीच. पण डर्जच्या आवाजात खरंच काहीतरी आहे, थ्रस्टचा आवाज म्हणजे नुसता आवाज. फरक बारीक आहे आणि मला तो आवडतो.)

(दृश्य : पुठ्ठ्यावरचा लाल ठिपक्यांचा गिचमिड आलेख. एक हात त्यावर लाल पारदर्शक पट्टी सरकवतो. रेघ हळूहळू उमटते.)

ह्या पट्टीसाठी आम्ही तीन वेळा चित्रण केलं. आधी बघून घ्या.

नुसत्या डोळ्याने गोंधळ. लाल पट्टी वरून फिरवली की लाल गिचमिड विरघळते आणि खालची रेघ वर येते. आठ रकाने: शक्ती, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धैर्य, मारा, कौशल्य. पात्राचं गुणपत्रकच. पट्टी डब्यातच मिळायची. पोरं डब्याचा पुठ्ठा कापून ही पत्रकं जमवायची, कुणाचा थ्रस्ट, कुणाचा रॅमजेट, वेग कुणाचा जास्त, ह्यावर वाद घालायची.

आणि गंमत कुठे आहे? वरच्या मजकुरात मोठमोठ्या बाता उघड्या डोळ्यांना दिसतात. खरं काय ते पाहायला पट्टी लागते. वेगाच्या रकान्यावरून धैर्याच्या रकान्याकडे पट्टी सरकवली की रेघ कशी वागते, ते पडद्यावर दिसतंच आहे. मी काही बोलत नाही.

(दृश्य : डब्यावरचं रंगीत चित्र. विमान आणि यंत्रमानव, मागे लाल-जांभळं आकाश.)

कार्टून मालिकेचे तुकडे आपल्याला इथे दाखवता येणार नाहीत, तेव्हा ते थोडक्यात. अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातींचे निर्बंध १९८४ मध्ये सैल झाले आणि खेळणं विकण्यासाठी सबंध मालिका काढायचा रस्ता मोकळा झाला. ट्रान्सफॉर्मर्सची मालिका त्याच वर्षी आली. दुसऱ्या हंगामात कोनहेड दाखल झाले, कसलीही ओळख न देता. जणू काल रात्रीच राहायला आले. थ्रस्टला आवाज दिला एड गिल्बर्ट यांनी, आणि ब्लिट्झविंग ह्या दुसऱ्या डिसेप्टिकॉनलाही त्यांनीच. एका भागात थ्रस्ट चक्क शनीच्या टायटन ह्या उपग्रहापर्यंत जातो, स्टारस्क्रीम आणि ॲस्ट्रोट्रेन नावाच्या आणखी एका डिसेप्टिकॉनच्या मागून. तिथले भोळे रहिवासी यंत्रांना देव समजतात. देवपण मिळतं ते ॲस्ट्रोट्रेनला. थ्रस्ट तिथेही मागेच.

१९८६ च्या चित्रपटात जुनी खेळणी दुकानातून हटवायची म्हणून ऑप्टिमस प्राइमसकट कित्येकांना मारून टाकलं. स्टारस्क्रीमही गेला. थ्रस्ट वाचला, पुढच्या हंगामातही गर्दीत दिसतो.

नाव नंतर फिरत राहिलं, कारण वापरात नसलेलं नाव हातचं जायची भीती कंपन्यांना असते. १९९९ च्या मालिकेतला थ्रस्ट मोटारसायकल होता, आणि त्याच्या आत जीव होता वास्पिनेटर नावाच्या कमनशिबी गांधीलमाशीचा. २००२ मधला स्वतःला मोठा डावपेचकार समजायचा. तो युनिक्रॉन ह्या ग्रह गिळणाऱ्या महाकाय यंत्राच्या हलत्या अवयवांत सापडून चिरडला.

(दृश्य : पुन्हा आपलं विमान. अगदी जवळून, एक काळा चौकोनी स्टिकर. नखाएवढा.)

एक राहिलं.

नकली माल ओळखता यावा म्हणून १९८५ पासून खेळण्यांवर हा चौकोन लावायला सुरुवात झाली. आत उष्णतेने रंग बदलणारा थर असतो. दिसायला नुसता काळा. अंगठा ठेवायचा, घासायचं, ऊब लागली की आत लपलेला चेहरा उमटतो. ऑटोबॉट की डिसेप्टिकॉन, ते तेव्हा कळतं. इतक्या वर्षांनी बहुतेकांचे स्टिकर मेलेले असतात. ह्याचा चालतो का, ते चित्रण करताना आम्हालाही माहीत नव्हतं.

(दृश्य : अंगठा स्टिकरवर. घासण्याचा बारीक आवाज, ह्या चित्रफितीतला खेळण्याचा पहिलाच. अंगठा बाजूला होतो. जांभळी कड, मग कपाळ, मग डोळे. चेहरा पुरता उमटतो. कॅमेरा हलत नाही. कडा पुन्हा काळ्या पडू लागतात.)

चालला.