खाण कंपनी शेअर बाजारातून बाहेर पडते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. रेडी, वेंगुर्ले, सावंतवाडीपासून पलीकडे डिचोली-साखळीपर्यंत ज्यांच्याकडे लोहखनिज कंपन्यांचे शेअर आहेत, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं. जुन्या सर्टिफिकेटवर 'सेसा गोवा' असं नाव असेल, तर तीच कंपनी 2013 मध्ये सेसा स्टरलाइट आणि 2015 मध्ये वेदांता झाली, हे आधी ध्यानात घ्या.

प्रवर्तक, म्हणजे कंपनीचे मुख्य मालक, लोकांकडचे शेअर विकत घेऊन कंपनी बाजाराच्या यादीतून काढतात, त्याला डीलिस्टिंग म्हणतात. खाण कंपनीच्या बाबतीत यात एक मोठी अडचण असते. तिची खरी संपत्ती जमिनीखाली असते. ताळेबंदात डंपर, क्रशर, इमारती दिसतात; डोंगराच्या पोटात किती टन माल उरलाय ते दिसत नाही. ते प्रवर्तकाला ठाऊक असतं, तुम्हाला नाही. किमान भाव काढताना मात्र मागच्या 60 व्यवहार दिवसांची सरासरी पाहिली जाते. गोव्यात 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तशा काळातली सरासरी पडलेलीच असणार. 2024 पासून स्वतंत्र मूल्यांककाने काढलेलं समायोजित पुस्तकी मूल्यही, म्हणजे मालमत्ता आजच्या भावाने मोजून देणी वजा केल्यावर उरणारं मूल्य, विचारात घेतलं जातं. तेव्हा कंपनी सेक्रेटरीला लेखी विचारा: मूल्यांककाला साठ्याचा कोणता आकडा दिला? त्यात लोहाचं प्रमाण किती टक्के? लीज कधी संपते? पर्यावरण मंजुरी वर्षाला किती टनांची? डंपवर, म्हणजे खाणीजवळच्या ढिगावर, पडलेला माल कोणत्या भावाने धरला? आणि बार्ज, जेटी, वाहतुकीचं कंत्राट प्रवर्तकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे असेल, तर दर काय? आमच्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नफा तिथूनच बाजूला वळवता येतो.

हे सगळं मतदानाआधी विचारायचं. डीलिस्टिंगला मंजुरी देणारा विशेष ठराव पोस्टल बॅलटने किंवा ई-व्होटिंगने होतो, आणि प्रवर्तक सोडून इतरांच्या मतांत 'हो'ची मतं 'नाही'च्या किमान दुप्पट लागतात. म्हणजे 9 लाख मतं बाजूने आणि 5 लाख विरोधात पडली, तर ठराव पडतो. घरी बसलेल्याचं मत कुठल्याच बाजूला धरलं जात नाही.

त्यानंतर बोली, म्हणजे आपण आपले शेअर कोणत्या भावाला द्यायला तयार आहोत ते सांगायचं. खिडकी 5 कामकाजी दिवस उघडी असते. समजा प्रवर्तकाकडे 70 टक्के आहेत. कंपनी यादीतून काढायला त्याला 90 टक्के गाठायचेत, म्हणजे आणखी 20 टक्के हवेत. बोली स्वस्तापासून महागापर्यंत लावतात, आणि विसावा टक्का ज्या भावाला भरतो तोच सगळ्यांचा भाव. म्हणून घाबरून किमान भावाला बोली लावणारा शेजाऱ्याचाही भाव खाली ओढतो. ब्रोकरकडून व्यवहार नोंदीची पावती घ्याच. मे 2020 मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, वेदांताच्या प्रवर्तकांनी डीलिस्टिंग जाहीर केलं. किमान भाव होता 87.25 रुपये. एलआयसीने 320 ची बोली लावली. 134.12 कोटी शेअर हवे होते, पक्क्या बोली भरल्या 125.47 कोटींच्या, कारण काही बोलींना पुष्टीच मिळाली नाही. प्रस्ताव फसला. आता प्रवर्तकाला किमान भावावर निदान 15 टक्के जास्त देऊन ठरावीक किमतीचा मार्गही घेता येतो. त्यात बोली नसते, एवढं पत्रात बघून घ्या.

कागदी सर्टिफिकेट असली तरी शेअर देता येतात. पण शेअर वारलेल्या वडिलांच्या नावावर असले तर आधी ते वारसाच्या नावावर करून घ्यावे लागतात. पत्र आल्यावर धावपळ करून हे 5 दिवसांत होत नाही. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांनी पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर ट्रंक उघडून हे काम सुरू करावं.

खिडकी चुकली तरी डीलिस्टिंगनंतर किमान 1 वर्ष त्याच भावाने शेअर देता येतात. फक्त तो व्यवहार बाजाराबाहेरचा, त्यामुळे दीर्घ मुदतीच्या नफ्यावरची 1.25 लाखांची करसवलत तिथे मिळत नाही.

शेअर न विकता स्वतःकडेच ठेवले, तर तिमाही निकाल बंद होतात. वार्षिक सभेची नोटीस आणि ताळेबंद 21 दिवस आधी मिळण्याचा हक्क मात्र राहतो. खाणीपुरता आणखी एक कागद उघडा राहतो: पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही, याचा सहामाही अहवाल, दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागणारा. त्यातलं उत्पादन ताळेबंदातल्या विक्रीशी ताडून पाहा. फरक दिसला तर उरलेला माल डंपवर आहे की गेला कुठे, हे सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा.