चहाच्या सुट्टीतलं गणित

तुमच्यापैकी काही जण पहिल्यांदाच परदेशातल्या गणित परिषदेला निघाले आहेत. व्हिसा आणि प्रवासखर्चाच्या अर्जांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मी बोलणार आहे तिथे पोचल्यावर काय करायचं त्याबद्दल.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. बहुतेक व्याख्यानं पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनंतर तुम्हाला कळणार नाहीत, आणि त्यात खचून जाण्यासारखं काही नाही. 1900 साली पॅरिसच्या परिषदेत जर्मन गणिती हिल्बर्ट यांनी गणिताच्या कितीतरी शाखांमधले न सुटलेले प्रश्न एकट्यानं मांडले. छापील यादीत ते 23 होते, प्रत्यक्ष भाषणात दहा. आज एवढा पल्ला एका माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही. म्हणून निवड करा. दिवसाला दोन-तीन व्याख्यानं जीव लावून ऐका. वहीत मुख्य व्याख्या, वक्त्यानं दिलेलं सर्वांत सोपं उदाहरण आणि जिथे आपला धागा सुटला ती ओळ, एवढंच उतरवा.

ती ओळ जपा. व्याख्यान संपलं की फळ्यापाशी जा आणि तिच्याबद्दलच विचारा. ‘ही अट काढली तर सिद्धता कुठे अडते?’ एवढा प्रश्न पुरतो. मग वक्ता फळ्याचा एखादा कोपरा पुसतो, खडू उचलतो आणि स्लाइडवर नसलेलं सगळं सांगू लागतो: आधी कोणती वाट धरली होती, ती का सोडली, कोणतं उदाहरण आडवं आलं. पेपरमध्ये हे क्वचितच छापलं जातं. पेपर काय, घरबसल्या डाउनलोड होतात. प्रवास करायचा तो या कोपऱ्यासाठी.

दुसरं म्हणजे, आपल्याच बरोबरीच्या मुलांचा घोळका करून बसू नका. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाखची गणित संस्था आहे, 1944 मध्ये स्थापन झालेली. तिथे जेवणाच्या टेबलांवर प्रत्येकाच्या नावाचं नॅपकिनचं पाकीट ठेवलेलं असतं आणि या जागा बदलत राहतात. ज्यांचं प्रमेय तुम्ही प्रबंधात वापरलंय, त्या बाई रात्रीच्या जेवणाला तुमच्या शेजारी असू शकतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. सगळीकडे अशी सोय नसते. तिथे उठून दुसऱ्या टेबलावर तुम्हालाच जावं लागेल.

गेल्यानं काय होतं? ह्यू माँटगोमेरी 1972 मध्ये केंब्रिजला संशोधक विद्यार्थी होता. सेंट लुईसची परिषद आटोपून तो प्रिन्स्टनला थांबला, कारण आपलं काम त्याला तिथले नामवंत गणिती सेल्बर्ग यांना दाखवायचं होतं. दुपारच्या चहाला भारतीय वंशाचे गणिती सर्वदमन चावला यांनी त्याला भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांच्यासमोर नेलं. उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून तो कचरत होता, पण चावला ऐकेनात. काय करतोस, असं डायसननी विचारलं. मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत हे ज्यातून कळतं त्या रीमानच्या झीटा फलनाच्या शून्यांमधल्या, म्हणजे ते फलन जिथे शून्य होतं त्या बिंदूंमधल्या, अंतरांचं सूत्र त्यानं सांगितलं. डायसननी ते लगेच ओळखलं: रँडम मॅट्रिक्सच्या (यदृच्छेनं आकडे भरलेल्या चौकटींच्या) आयगेनव्हॅल्यूंसाठी, म्हणजे त्या चौकटींशी जोडलेल्या खास संख्यांसाठी, हेच सूत्र त्यांच्या ओळखीचं होतं, आणि त्या मॅट्रिक्स जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्या समजून घेण्यासाठी वापरल्या जात होत्या. मूळ संख्यांचा अभ्यास आणि अणुकेंद्रांचा अभ्यास यांच्यात एक दार उघडलं. त्या दारातून आत गेलेली माणसं आजही तिथे काम करताहेत.

यात चावलांचा आग्रह आहे, डायसन यांची नजर आहे. पण त्या मुलाचं सूत्र जिभेवर तयार होतं, हेही विसरू नका. आपला प्रश्न दोन मिनिटांत सांगता येईल असा घासूनपुसून ठेवा: कोणती वस्तू, तिच्याबद्दल काय जाणून घ्यायचंय, आजवर कुठपर्यंत कळलंय आणि एक उदाहरण. निघण्याआधी दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणीला फळ्यासमोर उभं राहून तो सांगून पाहा. ती जिथे थांबवेल तिथलं वाक्य बदला आणि पुन्हा सांगा.