त्रास न देणारं मूल

[दृश्य: खेळणी मांडलेली खोली. वर्षाचं मूल, त्याची आई, कोपऱ्यात एक अनोळखी बाई.]

आई उठते, दाराबाहेर जाते. मूल एकदा दाराकडे बघतं आणि पुन्हा ठोकळ्यांत रमतं. रडत नाही. थोड्या वेळाने आई परत येते, तरी मान वर करत नाही. बघणारा कुणीही म्हणेल, किती शहाणं बाळ!

अमेरिकेत बाल्टिमोर इथे 1960च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी हा प्रयोग बसवला. बहुतेक मुलं आई गेल्यावर कावरीबावरी झाली, ती येताच तिला बिलगली आणि मग निवांत खेळू लागली. काही मात्र अशी, ढिम्म. पुढे संशोधकांनी या ढिम्म मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. तेही वाढलेलेच निघाले. रडून जवळ गेलं की दूर सारलं जातं, हे ज्याला घरी वारंवार अनुभवायला मिळतं, ते मूल रडणंच गिळायला शिकतं. तेही बोलता येण्याआधी.

(एखादं मूल खेळात गुंग आहे म्हणून लगेच घाबरू नका. मुलांचे स्वभावही वेगवेगळे असतात, आणि एका दुपारवरून नातं ओळखता येत नाही.)

[दृश्य: जुन्या रुग्णालयाचा बालविभाग. ओळीने लावलेल्या खाटा.]

गप्प मूल म्हणजे सुखी मूल, हा गैरसमज एके काळी रुग्णालयांचाही होता. ब्रिटनमध्ये 1950च्या सुमारास दाखल झालेल्या मुलांना आईवडिलांनी भेटण्यावर कडक बंधनं होती. मूल सुरुवातीला आकांत करायचं, मग गप्प व्हायचं. कर्मचारी समाधानाने म्हणायचे, रुळलं. समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातला मुक्काम चित्रित करून दाखवला, तेव्हा अनेक डॉक्टर चक्क चिडले. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी, मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी सांगत होते, की हे रुळणं नव्हे, मुलाने आशा सोडली आहे. अखेर 1959 मध्ये सरकारी समितीनेच आईवडिलांना मोकळेपणाने भेटू द्या, अशी शिफारस केली.

[दृश्य: रात्र. बंद दाराखालून येणारी उजेडाची रेघ.]

आता घराकडे वळू. "मूल झोपलंय, आता बोलू" असं म्हणून किती भांडणं सुरू होतात! ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये झोपलेल्या तान्ह्या बाळांना वेगवेगळ्या सुरांतले आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्यांच्या घरी भांडणं जास्त, त्या बाळांच्या मेंदूत रागाच्या आवाजाला जास्त तीव्र प्रतिसाद दिसला. भावना आणि ताण हाताळणाऱ्या भागांत.

मोठी मुलं तर जागीच असतात. कुणी मध्ये पडून विनोद करतं. कुणी धाकट्याला घेऊन दुसऱ्या खोलीत जातं. कुणी इतका चांगला अभ्यास करतं, की निदान त्याच्यावरून तरी वाद होऊ नये. अशा मुलाचं कौतुक होतं, समजूतदार म्हणून. त्याचं पोट सारखं का दुखतं, ते कुणालाच उमगत नाही.

मग भांडायचंच नाही? तसं कुणाला जमलंय! मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी मोठ्यांच्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम अनेक वर्षं तपासला. भांडण मिटलेलं मुलांनी पाहिलं, तर त्यांची अस्वस्थता बरीच ओसरते. बंद दाराआड मिटलं आणि नंतर मुलांना तसं सांगितलं, तरीही. आपण मात्र बहुधा उलटच करतो. भांडतो मुलांसमोर, समेट करतो एकांतात, आणि सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने डबे भरतो.

अबोला हा याहून वाईट प्रकार. त्यात काय बिनसलं हेही मुलाला कळत नाही, आणि ते कधी मिटलं हेही नाही. मग दोष ते स्वतःकडे घेतं.

[दृश्य: समुद्रकिनारा. लांबून दिसणारं बेट.]

हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार, अशी अनेक संकटं काहींच्या वाट्याला एकदमच आली होती. तरीही त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्याजवळ बहुधा एक तरी भरवशाचं माणूस होतं. ते आईवडीलच होते असं नाही. आजी, मावशी, थोरलं भावंड, कधी शेजारी, कधी शिक्षक.

उरलेल्यांपैकी अनेक जण किशोरवयात भरकटले, काहींची पोलिसांशीही गाठ पडली. पण चाळिशीत त्यांची पुन्हा भेट घेतली, तेव्हा त्यांतले बहुतेक सावरलेले होते. कुणाला उशिरा मिळालेल्या शिक्षणाने हात दिला होता, कुणाला समजून घेणाऱ्या जोडीदाराने.