चावेझ यांचे विरोधक आणि चावेझ यांचे मतदार

मंडळी, आजच्या विषयाचं नाव संयोजकांनी फार भारदस्त ठेवलंय. मी आपला एकाच देशापुरतं बोलणार आहे. देश व्हेनेझुएला, राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ. हा गृहस्थ देश बुडवतोय अशी ज्यांची मनोमन खात्री होती, त्यांनी पुढे काय काय केलं, एवढंच बघू.

2002 सालची राजधानी काराकास. पूर्वेला अल्तामिरा, चाकाओ अशा सुखवस्तू वस्त्या. पश्चिमेला आणि डोंगरउतारांवर गरिबांची विटांची घरं एकावर एक चढलेली, त्या वस्त्यांना तिथे बारियो म्हणतात. सुखवस्तू वस्त्यांच्या खिडक्यांतून पातेली बडवली जात, हा निषेध. राजकारण निघालं की भावंडं ताटावरून उठत. आणि वाद काही पोकळ नव्हता. एक म्हणायचा, “या माणसाने 1992 साली लष्करी बंड केलं होतं. आता निवडून आला तर 49 कायदे एकदम वटहुकमाने आणले. मनात येईल तेव्हा सगळ्या वाहिन्या ताब्यात घेऊन तासन्‌तास बोलतो. ही लोकशाही?” दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं, “1989 साली तुमच्या सभ्य सरकारने पेट्रोल महाग केलं, बसभाडं वाढलं, लोक रस्त्यावर आले आणि लष्कराने शेकडो माणसं मारली. तेव्हा कुठे होती तुमची पातेली?”

दोघांचंही खरं होतं. आणि या दोघांच्या मधे तिसरा होता, ज्याला तिथे ‘नी-नी’ म्हणत. ना इकडचा, ना तिकडचा. मतचाचण्यांमध्ये हा गट चांगला मोठा दिसायचा. विरोधी पुढाऱ्यांनी मात्र चावेझ किती वाईट आहेत हे आपापसांत एकमेकांना पटवण्यात वर्षं घालवली. ज्याने चावेझना मत दिलं त्याच्या दारात कोणी जाईना.

त्याऐवजी आडवाटा शोधल्या. 11 एप्रिल 2002 ला प्रचंड मोर्चा राष्ट्राध्यक्षांच्या मिराफ्लोरेस प्रासादाकडे वळला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. रात्री सेनाधिकाऱ्यांनी चावेझना ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी उद्योजकांच्या संघटनेचे अध्यक्ष पेद्रो कार्मोना यांनी स्वतःच शपथ घेतली आणि एका फर्मानात संसद, सर्वोच्च न्यायालय, नवी राज्यघटना, सगळं निकालात काढलं. वाचन चालू असताना सभागृहात टाळ्या! लोकशाही वाचवायला निघालेल्यांनी एका दुपारी जेवढी मोडतोड केली, तेवढी चावेझना तीन वर्षांत जमली नव्हती. मग बारियोंतले लोक खाली उतरले. काहींच्या हातात खिशात मावेल एवढी राज्यघटनेची पुस्तिका. खासगी वाहिन्या त्या वेळी कार्टून दाखवत होत्या. 14 च्या पहाटे चावेझ परत खुर्चीवर. अगदी औटघटकेचं राज्य. लोकांनी कार्मोनांना ‘अल्पजीवी पेद्रो’ असं नावच पाडलं. आणि लष्करात कोण आपला, कोण परका, हे चावेझना आयतं कळलं. त्यांनी साफसफाई केली.

डिसेंबरात विरोधकांनी संप करून तेल बंद पाडायचं ठरवलं. रोजचं उत्पादन 30 लाख पिंपांच्या आसपास होतं, ते काही लाखांवर आलं. तेलाच्या देशात पेट्रोलसाठी रांगा. सरकारी तेलकंपनीच्या टँकर जहाजांना सौंदर्यसम्राज्ञींची नावं असत. त्यातलं ‘पिलिन लेओन’ खलाशांनी माराकाइबोच्या जलमार्गात नांगरून ठेवलं. त्या मोसमाचं बेसबॉलही रद्द झालं, आणि व्हेनेझुएलात बेसबॉल रद्द होणं म्हणजे आपल्याकडे पंढरीची वारी रद्द होण्यासारखं. फेब्रुवारीपर्यंत संप विरला. चावेझनी सुमारे 18 हजार लोकांना कामावरून काढलं आणि कंपनी पुरती ताब्यात घेतली. त्या पैशावर मग बारियोंमध्ये दवाखाने निघाले, साक्षरतेचे वर्ग निघाले. त्यांची लोकप्रियता वाढली यात नवल ते काय?

2004 ची गोष्ट वेगळी, हे मान्य केलं पाहिजे. राज्यघटनेतच राष्ट्राध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद होती. 24 लाखांहून जास्त सह्या लागत होत्या, त्या लोकांनी जमवल्या. सरळ, कायदेशीर मार्ग. सार्वमतात 59 टक्के लोकांनी चावेझना ठेवा असं सांगितलं. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण सह्या करणाऱ्यांची यादी जाहीर झाली आणि ती पाहून सरकारी नोकऱ्या गेल्या. या लोकांचा निवडणुकीवरचा विश्वास उडाला, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

म्हणूनच 2005 च्या संसद निवडणुकीवर विरोधकांनी घातलेला बहिष्कार समजण्यासारखा आहे. समजण्यासारखा, शहाणपणाचा नव्हे. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांमुळे मत कोणाला दिलं ते फुटेल, अशी तक्रार होती. निवडणूक मंडळाने यंत्रं मागे घेतली, तरी पक्षांनी माघार घेतली. मतदान पंचवीस टक्क्यांच्या आसपास, आणि 167 पैकी 167 जागा चावेझ यांच्या गोटात. न्यायाधीश आणि निवडणूक मंडळाचे सदस्य नेमायचे ते याच सभागृहाने. हे ध्यानात असू द्या.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते 2 डिसेंबर 2007. चावेझ आणि त्यांच्या संसदेने मिळून घटनेची 69 कलमं बदलायला काढली, त्यासाठी त्या दिवशी सार्वमत झालं, त्यात कितीही वेळा निवडून येण्याची मुभा. त्या वर्षी सरकारवर टीका करणाऱ्या आरसीटीव्ही वाहिनीचा परवाना गेल्यामुळे विद्यापीठांतली पोरं रस्त्यावर होती. जुन्या पुढाऱ्यांपासून ती चार हात लांब राहिली. चावेझना हटवा अशी त्यांची मागणीच नव्हती. एवढंच म्हणत होती, की या बदलाला नाही म्हणा. 2002 साली चावेझना परत आणणारे जनरल बादुएलसुद्धा ‘नाही’च्या बाजूने उभे राहिले. चावेझ हरले, जेमतेम 51 विरुद्ध 49.

पण आकडे नीट बघा. वर्षभरापूर्वी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत चावेझना 73 लाख मतं होती. या वेळी ‘हो’ म्हणणारे जवळपास 44 लाख. विरोधकांची मतं 43 लाखांवरून 45 लाखांवर गेली, म्हणजे फारशी वाढलीच नाहीत. उरलेले 29-30 लाख कुठे गेले? घरी बसले. ही चावेझ यांची माणसं. त्यांना विरोधकांनी जिंकलं नव्हतं, पण या खेपेला त्यांना घाबरवलंही नव्हतं. त्यांना शत्रूच्या झेंड्याखाली उभं राहायची सक्ती नव्हती, नुसतं मतदानाला न जाण्याची सोय होती. पाच वर्षांच्या मोर्चांनी, संपांनी आणि बंडाने जे साधलं नाही ते इथे झालं. फेब्रुवारी 2009 मध्ये चावेझनी दुसरं सार्वमत घेऊन ती मुदतीची अट काढूनच टाकली, हेही खरं.

पुढे 2015 साली याच वाटेने विरोधकांनी संसदेच्या 167 पैकी 112 जागा मिळवल्या. तोवर चावेझ वारले होते, त्यांच्या जागी निकोलास मादुरो राष्ट्राध्यक्ष होते.

एक चिठ्ठी आली आहे. “सगळे नियम पाळूनही सत्ता मिळाली नाही तर?” बरोबर विचारलंत. 28 जुलै 2024 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तसंच झालं. विरोधकांच्या साध्या कार्यकर्त्यांनी मतदानयंत्रातून निघालेल्या मोजणीच्या पट्ट्या केंद्राकेंद्रांवरून गोळा केल्या, ऐंशी टक्क्यांहून जास्त केंद्रांच्या, आणि सगळ्या जगापुढे ठेवल्या. त्यांत विरोधकांचे उमेदवार एदमुंदो गोन्झालेस यांना मादुरोंच्या दुपटीहून अधिक मतं दिसत होती. निवडणूक मंडळाने मादुरो जिंकले म्हणून जाहीर केलं, केंद्रवार आकडे काही दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यावर शिक्का मारला. ते न्यायालय आणि ते मंडळ कसं भरत गेलं, त्याची सुरुवात मघाशी सांगितली, 2005 ची. पुढची चिठ्ठी द्या.