ठोकळ्यामागची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

शिरोलीहून कागलकडे जाताना महामार्गाच्या कामाला लागून, गाड्या कामगारांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून, काँक्रीटच्या ठोकळ्यांची रांग असते. परवा अशाच एका रांगेपाशी थांबलो. दोन ठोकळ्यांच्या लोखंडी कड्या एकावर एक येतात आणि त्यांतून जाड पिन खाली सोडतात. तिथं पिनच नव्हती, सळ्या बांधायची बारीक तार पिळून ठेवली होती. पलीकडे हातभर अंतरावर दोन पोरं खडी पसरत होती.

पोटात गोळाच आला. आपल्याला वाटतं, एवढा जड ठोकळा, तो कशाला हलतोय! पण बारा-साडेबारा फुटी ठोकळ्याचं वजन भरतं साधारण सव्वादोन टन. अमेरिकेत अशा रांगांच्या चाचण्यांत त्यांच्यावर ताशी 100 किलोमीटर वेगानं, 25 अंशांच्या कोनात पिकअप आदळवतात, तिचं वजनही जवळपास तेवढंच. पिना घातलेली, पण रस्त्याला न खिळलेली रांग त्या धडकेत सुमारे 2 मीटर मागं सरकते. पिना असूनही 2 मीटर! मग तारेनं बांधलेली कुठवर जाईल?

एकटा ठोकळा गाडी अडवत नाही, अडवते ती साखळी. पिन असली की धडक बसलेला ठोकळा शेजाऱ्यांना ओढतो आणि सगळ्यांचं घर्षण मिळून जोर जिरतो. म्हणून रांग लांब हवी, टोकाचे ठोकळे पक्के हवेत. थोडं सरकणं वाईट नाही, गाडीतल्या माणसाला धक्का कमी बसतो. फक्त मागं तेवढी जागा मोकळी पाहिजे. पंचगंगेच्या पुलासारख्या ठिकाणी ती कुठून आणणार? तिथं ठोकळे स्लॅबला बोल्टनं आवळावे लागतात. डांबरी रस्त्यावर वाहनांच्या बाजूच्या पायातल्या भोकांतून दीड इंच जाडीच्या, तीनेक फूट लांब पहारी ठोकतात.

आणि गाडीवाल्यांनो, वेग निम्मा केलात तर धडकेची ऊर्जा चौथाईवर येते. उसाच्या हंगामात भरल्या ट्रॉल्या याच अरुंद पट्ट्यातून जातात, तेव्हा तर हे फार जपा.

शिरोली, गोकुळ शिरगावात लोखंडाला आकार देणारे हात इतके असताना पिन मिळू नये, याचं मला फार वाईट वाटलं. मुकादमाला ती तार दाखवली. पिना त्यांच्याच टेम्पोत पडून होत्या. कड्या जुळवायला पहार लावावी लागली, पण पाच मिनिटांत पिन खाली उतरली. पुढच्या सांध्याकडे ती पोरं आपणहून वळली.